ईस्टरच्या पहाटे समोरचं दार

कडुलिंब फुलला आहे. सकाळी अंगण झाडून घेतलं तरी दुपारपर्यंत पुन्हा पांढऱ्या बारीक फुलांचा सडा पडतो. ती फुलं पाण्याच्या पिंपात तरंगतात, वाळत घातलेल्या चादरीवर बसतात, परवा तर माझ्या चष्म्याच्या डबीत निघाली. जोएल, तू मागे विचारलं होतंस की आपल्या मुरुम गावच्या उन्हाळ्याला वास असतो का. असतो. थोडा कडू, थोडा गोड, आणि त्यात समोरच्या गिरणीतून येणारा गरम पिठाचा वास मिसळलेला. हा वास आला की लेंटचे उपवासाचे दिवस संपत आले, ईस्टर जवळ आला, हे मला दिनदर्शिका न बघता कळतं.

अनन्या, तू पाठवलेल्या फोटोत तुमच्या कॅनडातल्या घरामागे अजून बर्फाचे ढीग आहेत, आणि कडेला एक पिवळं फूल वर आलं आहे. ते बघून मला माझे वर्ग आठवले. मी आयुष्यभर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. पुस्तकातला ईस्टर तुमच्या फोटोसारखाच असायचा: वितळणारं बर्फ, कोवळं ऊन, हिरवळीवर कोकरं. मी ते धडे नेटाने शिकवायची. बाहेर ऊन असं असायचं की मुली वहीने वारा घेत बसायच्या. एकदा एकीने विचारलं, "बाई, तिथं देव उठतो तवा सगळं हिरवं होतं. मग आपल्याकडं सगळं वाळल्यावर का उठतो?" मी तिला ऋतू आणि अक्षांश समजावून सांगितले. उत्तर बरोबर होतं, पण तिच्या प्रश्नाचं नव्हतं.

खरंच, आपल्याकडे हा सण अशा वेळी येतो की आजूबाजूला नवं काही दिसू नये. ज्वारी काढून झालेली असते, काळ्या रानाला भेगा पडलेल्या असतात, विहिरीत बादली खोल जाते. आणि त्याच दिवसांत पिंपळाला तांबूस पानं फुटतात, लिंब फुलतो. पाऊस अजून दोन-अडीच महिने लांब असतो. पाणी आलं म्हणून पालवी आली, असा हिशेब इथे नाहीच. बरीच वर्षं मी हे नुसतंच बघत होते. त्याचा अर्थ मला एका वर्षी कळला, आणि तो झाडाने नाही, तर तुमच्या आत्याआजीने शिकवला.

आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, राहेल. मी त्यांना आक्का म्हणते, सगळी गल्लीच म्हणते. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. लसीकरणासाठी, बाळंतिणींसाठी त्यांनी आसपासच्या गावांतली इतकी दारं वाजवली आहेत की दार वाजवण्याची त्यांची एक खास रीत झाली आहे. बोटांच्या पेरांनी, फार जोरात नाही, पण उघडेपर्यंत थांबायचं नाही. "आतला माणूस चिडला तरी चालतं," त्या म्हणतात, "पर उठला पायजे."

आमच्या गल्लीत ख्रिस्ती घरं थोडीच. ईस्टरच्या पहाटे उजाडण्याआधी आम्ही गावाबाहेरच्या दफनभूमीत उपासनेला जातो. तिथे जाण्याआधी गल्लीतल्या सर्वांत वयस्क बाईने घरोघर दार वाजवायचं आणि म्हणायचं, "प्रभू उठला आहे!" आतून उत्तर यायचं, "खरोखर उठला आहे!" मग दिवा लागायचा. हे काम पाळकसाहेबांचं नाही, पुरुषांचंही नाही. लग्न होऊन मी या घरात नवी आले तेव्हा आक्कांना याचं कारण विचारलं होतं.

"कबरेकडं पयल्यांदा कोण गेलं हुतं? बायाच की," त्या म्हणाल्या. "गडी सगळे दाराला कड्या लावून घरात बसले हुते."

तुमचे आजोबा शेजारी दाढी करत होते. त्यांनी आरसा जरा फिरवून घेतला.

आक्कांकडे हे काम आलं त्याच्या पहिल्याच वर्षी एक घोटाळा झाला. आमच्या समोरचं घर पूर्वी आपल्यातल्याच एका कुटुंबाचं होतं. ते घर विकून सोलापूरला गेले आणि तिथे नीलाव्वा राहायला आल्या. लिंगायत घर, बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी. त्यांच्या मुलाने पुढच्या खोलीत पिठाची गिरणी टाकली. हे सगळं आक्कांना ठाऊक होतं, रोजचं दळण तिथेच जात होतं. पण त्या पहाटे वीज गेलेली, हाताला जुनी सवय. त्यांनी समोरचं दार वाजवलं.

आतून आवाज आला, "यारव्वा?" म्हणजे, कोण गं बाई?

आक्का खड्या आवाजात म्हणाल्या, "प्रभू उठला आहे!"

मग कडी निघाली. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अशा नीलाव्वा पूजेवरून उठून आलेल्या. आक्कांना तेव्हा आपली चूक कळली. नीलाव्वांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "आमी बी उठलोय. आत ये, चहा घे."

पुढच्या वर्षी आक्का ते दार आठवणीने टाळून गेल्या. ऊन वर आल्यावर नीलाव्वा आमच्या ओट्यावर हजर. "गेल्या साली उठीवलंस, औंदा का न्हाय? आमचं काय चुकलं?" त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. तेव्हापासून समोरचं दार पहिलं ठरलं. आक्कांनी त्यांना उत्तर शिकवलं, नीलाव्वांनी ते आपल्या भाषेत करून घेतलं. "खरेन एद्दान!" खरंच उठला. दर ईस्टरला आमच्या गल्लीतला पहिला होकार कानडीत यायचा.

ज्या वर्षाबद्दल मला सांगायचं आहे ते टाळेबंदी उठल्यानंतरचं. तुमचे आजोबा जाऊन तोवर काही वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघीच. चिंचा फोडायचे दिवस होते. अंगणात पोतं पसरून आम्ही बसलो होतो, आक्का लाकडी ठोकळ्याने टरफल फोडत होत्या, मी शिरा काढत होते. चिंचोके सगळीकडे उडत होते. मी दोनदा म्हणाले, एका टोपल्यात टाकूया. आक्का म्हणाल्या, "तुझं मेलं सगळं टोपल्यात." आणि पाणी प्यायला म्हणून उठल्या, त्या चिंचोक्यांवरूनच घसरल्या.

खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला नेलं, ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "ईस्टर कवा हाय?" मी सांगितलं, एप्रिलच्या मध्यावर. त्यांनी डोळे मिटून काहीतरी हिशेब केला आणि म्हणाल्या, "बसतंय."

डॉक्टर तरुण होते, मनमोकळे होते. ते म्हणाले, आजी चालतील, पण या वयात किती आणि केव्हा, हे आत्ता सांगता येत नाही. आक्कांनी त्यांना विचारलं, "तुमचं वय काय?" त्यांनी सांगितलं. "मग तुमाला मी सांगते," आक्का म्हणाल्या.

घरी आल्यावर मी व्यायामाचं वेळापत्रक करून भिंतीला लावलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, वेगवेगळ्या रंगांत. आक्कांनी त्याच्याकडे पाठ करून खाट फिरवून घेतली. त्यांचं वेळापत्रक म्हणजे समोरची गिरणी. गिरणी चालवायची ती नीलाव्वांची सून महादेवी. तिचा नवरा कधीच वारला होता. पट्टा चढवणं, गिरणीच्या दगडाला टाकी घालणं, दळण मोजणं, सगळं ती एकटी करायची. भुवयांवर कायम पीठ. सकाळी गिरणी सुरू झाल्याचा घरघराट आला की आक्का वॉकर पुढे ओढायच्या. आधी उंबरठ्यापर्यंत, मग ओट्याच्या सावलीपर्यंत, मग अंगणातल्या चिंचेपर्यंत. महादेवी गिरणीच्या दारातून बघायची. दळण घेऊन आलेल्या बायकाही बघायच्या, आणि तिथल्या तिथे शेरे मारायच्या.

"आक्का, काल चिंचेला हात लावला हुता. आज काय, चिंच मागं सरकली व्हय?"

"तू तुझं पीठ बघ. गेल्या खेपेला रवा दिलास."

"रवाच खावा तुमी. पीठ पचायला चालावं लागतं."

दोघी एकमेकींना असं टोचत राहायच्या आणि त्यात आक्का दोन पावलं जास्त टाकून जायच्या. वेदना होत होती. त्यांच्या वरच्या ओठावर घाम यायचा, वॉकरच्या मुठी ओल्या व्हायच्या. मी "पुरे आता" म्हणाले की महादेवी डोळ्यांनी मला गप्प करायची. एवढं दुखणं, आणि त्याबद्दल एकही वाक्य नाही. मी पुष्कळ मोठ्या माणसांची चरित्रं वाचली आणि शिकवली आहेत. त्या महिन्यात मी रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकून जे बघत होते, तेवढं मला कुठल्या चरित्रात दिसलं नाही.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, त्या देवळापर्यंत, आपल्या चर्चपर्यंत, चालत गेल्या. आपल्या भागात नारळाच्या झावळ्या कुठल्या! आम्ही ओढ्याकाठच्या शिंदीची पानं आणतो. ती टोकदार असतात, सांभाळून धरावी लागतात. आक्कांनी एक पान वॉकरच्या दांडीला बांधून घेतलं आणि मिरवणुकीच्या सर्वांत मागून, टक टक करत आल्या. पाळकसाहेबांनी गाणं एक कडवं जास्त गायला लावलं, त्या दारातून आत येईपर्यंत. त्या संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "आता आठ दिसांनी गल्ली काय, दोन पायांवर नाचत जाईन."

गुरुवारी पोटरी सुजली. पाय गरम, तांबूस. फोनवर डॉक्टरांना दाखवला. त्यांनी दुपारी उमरग्याला नेऊन तपासणी करून घ्यायला सांगितली. भीतीचं काही निघालं नाही, पण आठवडाभर चालणं बंद. "घरातल्या घरात, गरजेपुरतं," डॉक्टर म्हणाले, आणि ते दोनदा म्हणाले.

आक्कांनी वाद घातला नाही. मला तेच अवघड गेलं. उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, मी देवळातून परत आले तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्या बाजूला माझं वेळापत्रक होतं. मी ते काढून टाकलं. शनिवारी गल्लीतली माणसं दफनभूमीत कबरी झाडून चुना लावून आली. दरवर्षी तुमच्या आजोबांच्या कबरेला चुना आक्का लावतात, त्या वर्षी मी लावला. हात धुवून आत आले तर सुशीलाबाई आल्या होत्या. नीलाव्वांच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. गल्लीत आक्कांच्या खालोखाल वय त्यांचंच. स्वभावाने चांगल्या, फक्त कुठल्याही कामाला उभ्या राहिल्या की सगळ्यांना कळेल अशा उभ्या राहतात.

"आक्का, उद्याची काळजी करू नका," त्या म्हणाल्या. "मी जाते. किती वर्षं करणार तुम्ही? कधीतरी सोडावंच लागतं."

"जा," आक्का म्हणाल्या. "तुजाच नंबर हुता."

सुशीलाबाई गेल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात उगाच भांडी लावत राहिले. आक्कांनी हाक मारली म्हणून गेले. त्या छताकडे बघत होत्या. म्हणाल्या, "सरोज, दार न वाजवता पडून ऱ्हायचं, म्हंजे मी आता आतली झाले, न्हाय का?" मी त्यांच्या सुजलेल्या पायाखाली उशी सरकवली.

पहाटे मी चहाचं आधण ठेवलं होतं. बाहेर अजून अंधार, कडुलिंबाचा वास. आणि आमचं दार वाजलं. मला वाटलं सुशीलाबाई. बघते तर महादेवी, नुकतं न्हालेली, ओले केस, हातात मोबाईलचा उजेड. ती तशीच सरळ आक्कांच्या खोलीत गेली.

"आक्का, चला. आमची म्हातारी कवाची उठून बसलीय. दाराला आतनं कडी लावून."

"सुशीला येतीय की," आक्का भिंतीलाच म्हणाल्या.

"सुशीलाबाई आमच्या दारावरनं सरळ म्होरं जातील. त्यांची घरं तुमच्यातली. आमचं दार फकस्त तुमीच वाजिवता." मग तिचा आवाज थोडा उतरला. "मी सांगितलं म्हातारीला, आक्कांचा पाय सुजलाय. तर म्हणाली, राहेल आली न्हाय म्हंजे देव उठला का न्हाय, मला कसं कळावं? मला मागल्या दारानं भाईर काढलं, आन् म्हणाली जा, इचारून ये."

आक्कांनी मग कूस वळवली.

"वॉकर कुठंय?"

मी म्हणाले, "आक्का, डॉक्टरांनी सांगितलंय, घरातल्या घरात, गरजेपुरतं."

"ही गरजच हाय," त्या म्हणाल्या.

आमच्या दारापासून समोरच्या दारापर्यंत अंतर ते किती! गल्लीतून एक ट्रॅक्टर जेमतेम जातो. महादेवी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मध्ये आक्का. त्यांनी आम्हा दोघींचे हात झटकले आणि एका हाताने वॉकर धरून दुसऱ्या हाताच्या पेरांनी दार वाजवलं. नेहमीसारखं, न थांबता.

"यारव्वा?"

आक्का ताठ होऊन म्हणाल्या, "प्रभू उठला आहे!"

"खरेन एद्दान!" आतून उत्तर आलं, जणू ओठांवर तयार ठेवलेलं. कडी निघाली. नीलाव्वांनी आधी आक्कांचा पाय बघितला, मग महादेवीला खुर्ची आणायला सांगितली. आक्का ओट्यावर बसल्या, आणि गल्लीच्या पुढच्या अंधाराकडे बघून म्हणाल्या, "एवढंच झालं गं नीला. म्होरं न्हाय जमायचं."

नीलाव्वांना राग आला. "मग मला कशाला उठीवलंस? नुसतं बसायला?" त्यांनी पदर खोचला, काठी घेतली, आणि त्या वाकलेल्या, भस्म लावलेल्या म्हातारीने शेजारचं सुशीलाबाईंचं दार काठीने बडवलं. सुशीलाबाई आतून साडी नेसून, पदराला पिन लावून, निघायच्या तयारीत होत्या. दार उघडून त्या तोंडातलं वाक्य बोलणार, तेवढ्यात नीलाव्वाच म्हणाल्या, "एद्दान! ऊठ!"

सुशीलाबाई थबकल्या. त्यांनी ओट्यावर बसलेल्या आक्कांकडे बघितलं. मग त्या जे म्हणाल्या त्याबद्दल मी त्यांना आजवर मानते. हात जोडून त्या म्हणाल्या, "खरोखर उठला आहे." आणि गल्लीभर न जाता पलीकडचं एकच दार वाजवून मागे वळल्या. "आक्का, एवढंच दार माझं. पुढचं इथली सून वाजवेल." त्या घरातली सून डोळे चोळत बाहेर आली, तिने उत्तर दिलं आणि चपला घालून पुढच्या दाराकडे गेली.

तशी ती हाक गल्लीतून गेली. ज्याला उठवलं त्याने पुढच्याला उठवायचं. आम्ही ओट्यावर ऐकत बसलो. दार वाजायचं, आवाज यायचा, उत्तर यायचं, दिवा लागायचा, आणि मग थोडं लांबून पुन्हा तेच. दोघी म्हाताऱ्या माना एका बाजूला कलंडून ऐकत होत्या. कोपऱ्यावरून हाक वळली, तेव्हा नुसतंच काहीतरी ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. तरी आक्कांचे ओठ प्रत्येक वेळी हलत होते. आधी त्या हाक म्हणत होत्या. मग माझ्या लक्षात आलं, त्या उत्तर म्हणत होत्या.

मी दफनभूमीत पोचले तेव्हा पूर्वेला उजळत होतं. वाऱ्याने मेणबत्त्या टिकत नव्हत्या, एकमेकींवरून पुन्हा पुन्हा पेटवाव्या लागत होत्या. ताजा चुना लावलेल्या कबरी अंधारात आधी दिसू लागल्या, माणसं नंतर. भेगाळलेल्या रानावरून थंड वारा येत होता आणि कुंपणाजवळच्या पिंपळाची नवी पानं सळसळत होती. माझ्या वर्गातल्या त्या मुलीला आता मी काय सांगितलं असतं? सांगितलं असतं की बाळ, सगळं वाळल्यावरच उठतो. हिरवं झाल्यावर उठवायला कुणी लागत नाही.

आमची रीत तेव्हापासून बदलली ती बदललीच. आता कुणी एकटं गल्लीभर हिंडत नाही. पाळकसाहेबांना आधी वाटलं होतं की आक्कांच्या पायापुरती ही सोय. पुढच्या वर्षी आक्का काठी घेऊन गल्लीभर चालू शकत होत्या. मी विचारलं, जाता का पूर्वीसारखं? म्हणाल्या, "नगं. मी एकटी उठवत हुते तवा लोकं उठून माझी वाट बघत बसायची. आता एकमेकांची बघत्यात."

गेल्या पावसाळ्यात नीलाव्वा गेल्या. त्यांना त्यांच्या रीतीने, बसलेल्या स्थितीत, मातीत ठेवलं. आक्का घरी येऊन अंघोळ करून बराच वेळ समोरच्या दाराकडे बघत होत्या. त्यांच्याविना येणाऱ्या पहिल्याच ईस्टरला काय करायचं, हे मी त्यांना विचारायचं धाडस केलं नाही. काल महादेवी दळणाचा डबा द्यायला आली होती. भुवयांवर तेच पीठ. डबा ठेवून जाता जाता ती म्हणाली, "आक्का, रविवारी जरा लौकर वाजवा. मला पाठ करायला येळ लागला, पर येतंय आता." आणि दारातच थांबून म्हणून दाखवलं, सासूच्याच सुरात, "खरेन एद्दान."

"आवाज बारीक हाय तुजा," आक्का म्हणाल्या. "म्हातारी कशी, भिंत हलवायची." पण ती गेल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि लगेच काम काढलं. सबंध गल्ली बोटांवर मोजली. कुणाचं दार कुणाकडे, कोण गावाला गेलंय, कोपऱ्यावरच्या नव्या भाडेकरूंना कोण सांगणार. सगळं लागलं. मग माझ्याकडे वळल्या.

"आन् कॅनडाचं दार कुणाकडं हाय?"

मी म्हणाले, तिथे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असेल, मुलं जेवत असतील.

"जेवू दे," आक्का म्हणाल्या. "पर दार तुज्याकडं."

तेव्हा शनिवारी संध्याकाळी फोन वाजला, तर ताट बाजूला ठेवा आणि उचला. माझ्या शेजारी आक्का बसलेल्या असतील, कान लावून. उत्तर मराठीत द्या, इंग्रजीत द्या, नीलाव्वांच्या कानडीत दिलंत तर आक्का दिवसभर गल्लीत सांगत फिरतील. आणि त्याआधी एवढं करून ठेवा. तुमच्या शेजारच्या घरात कोण राहतं, ते बघून ठेवा. मी फोन ठेवला की पुढचं दार तुमचं.